शाळेचा आराखडा कसा करावा (आणि मी तो कसा चुकवला)

नाव वाचून पान उलटू नका. एस्टिमेटिंगच्या पेपरात मला बरे मार्क आहेत. त्याच जोरावर दिवाळीच्या सुट्टीत निफाड तालुक्यात मामाकडे गेले असताना मी एक खरंखुरं एस्टिमेट करायला घेतलं आणि सपशेल आपटले. त्याची ही हकिगत. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या हवाली.)

मामाची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे आणि मामा तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. द्राक्षाची छाटणी उरकली होती, फवारण्यांचा सपाटा चालू होता. "इंजिनीअर ना तू? मग शाळेचा आराखडा तेवढा टाइप करून दे," तो म्हणाला. मी एका रात्रीत केला. कॉम्प्युटर लॅब, संरक्षक भिंत, सोलर, रंगकाम, एकूण सात लाख चाळीस हजार. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे वाचला आणि विचारलं, "हे मागायचं कोणाकडे?" व्हायवात होतं तसंच माझं झालं.

मग बाईंनीच शिकवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाची मागणी त्याच्या आधारावर होते. आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. त्यात आधी वर्गवार अंदाजे मुलं किती, मग त्यांना शिक्षक किती, मग खोल्या आणि वस्तू, आणि सगळ्यात शेवटी पैसे. मी नेमकं शेवटून सुरू केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैशाची दारं वेगवेगळी असतात. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती हे समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून. त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर. नवी खोली, भिंत असलं मोठं काम जिल्हा परिषदेमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे. आणि ग्रामपंचायत. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या पैशात 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह त्यातून मागायचं. खिडकीच्या काचा उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतून. काचा बंधितमध्ये लिहिल्या की कागद परत.

गावाने शाळेला पैसे देणं काही नवीन नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला असे. शेतकऱ्याचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. फीची पावती फाडून शिकलेल्या मला हे कुठलं माहीत असायला!

आता खरा घोळ. संयुक्त अनुदान पटावर ठरतं: 30 मुलांपर्यंत 10 हजार, 31 ते 100 पर्यंत 25 हजार. पट धरायचा 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी शाळेत मुलं होती 29. पण ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, सोबत लेकरंही येतात. दिवाळीनंतर त्याच दोन खोल्यांत 37 मुलं बसतात, मोजणी संपल्यावर! निफाडची थंडी तुम्हाला पेपरातून माहीतच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीदा तरी 5 अंशांखाली जातो. खिडक्यांच्या नऊ काचा फुटलेल्या.

समितीत कोणीतरी म्हणालं, दोन नावं वाढवा, काम होईल. बाई म्हणाल्या, "ती मुलं त्यांच्या गावच्या पटावर आहेत. मी सही करणार नाही." मामा गप्प बसला. पंधरा हजारांसाठी दोन नावं, मलाही तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही तीन वर्षांच्या हजेऱ्या काढल्या. कुठल्या महिन्यात किती मुलं बसली याचा तक्ता केला, ज्यांनी गावाकडून शिक्षण हमी कार्ड आणलं होतं त्यांची वेगळी नोंद केली आणि वर्गवार अंदाजात ते आकडे हंगामी म्हणून उघड लिहिले. अनुदान 10 हजारच धरलं. ग्रामपंचायतीकडे मात्र 37 मुलांच्या हिशेबाने मागणी केली: टाकी, हात धुण्याचे नळ, आणखी एक स्वच्छतागृह, नऊ काचा. काचा मी स्वतः टेपने मोजल्या. दोन मापं चुकली, ती बाईंनी दुरुस्त केली. सात लाखांचा कागद दीड पानाचा झाला.

मी होस्टेलला परत आले. सबमिशनच्या गडबडीत मामाचा फोन आला, ग्रामसभेत टाकी आणि नळ मंजूर, स्वच्छतागृह पुढच्या वर्षावर. तक्ता बघून एक मेंबर म्हणाले म्हणे, ही पोरं आपल्याच बागेत येतात, मग मोजायला काय हरकत आहे?

काचा मार्चमध्ये बसल्या. तोपर्यंत बाईंनी खिडक्यांना खताच्या गोण्या शिवून लावल्या होत्या. बागांचा माल निघाला होता आणि पेठकडची लेकरं गावी गेली होती.