बळजबरीने वाकलेला मनुष्य

हा पाठ मंडळीत घेण्यापूर्वी उपदेशकांनी अनुवाद 22:25-27 आणि 2 शमुवेल 20:14-22 हे भाग वाचून दाखवावे; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मानेवर तलवार ठेविली असता मनुष्याने काय करावे, हा एक प्रश्न होय. त्या तलवारीस भिऊन जो वाकला त्याला त्याच्या बांधवांनी कसे वागवावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिले की दुसऱ्याचेही दिले असे पुष्कळांस वाटते. हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे ज्यांनी उघड करून दाखविले ते यहूदी पंडित मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनाचा पुत्र मोशे.

ते सुमारे 1138 साली स्पेन देशातील कोर्दोबा नगरात जन्मले. 1148 साली अल्मोहाद नावाच्या राज्यकर्त्यांनी ते नगर घेतले. पूर्वीच्या मुसलमान राजांच्या अमलात यहूदी व ख्रिस्ती लोकांस कर भरून आपापल्या धर्माने राहता येत असे. नव्यांनी ती सवलत काढून घेतली. (सर्वच मुसलमान राज्ये अशी होती असे कोणी समजू नये, हेच मोशे पुढे इजिप्तमध्ये सलाउद्दीनाच्या वजिराचे वैद्य झाले.) त्यांचे कुटुंब भटकत भटकत सुमारे 1160 साली मोरोक्कोतील फेझ येथे येऊन राहिले, पण तेथेही राज्य अल्मोहादांचेच. पुष्कळ यहूदी तोंडाने इस्लामची कबुली देत आणि घरी दार लावून आपल्या पूर्वजांच्या देवाची प्रार्थना करीत.

अशांपैकी एकाने एका शास्त्र्यास आपल्या स्थितीविषयी विचारिले. त्या शास्त्र्यास स्वतः छळाची झळ लागली नव्हती. त्याचा निकाल असा: ज्याने ती कबुली उच्चारली तो यहूदी राहिला नाही, आणि त्याने गुप्तपणे केलेली प्रार्थनाही पापच आहे. ह्यावर मोशे ह्यांच्या नावाने चालत आलेले एक पत्र आहे, व ते संतापाने भरलेले आहे. त्यात ते अहाब राजाची आठवण देतात. नाबोथाचे रक्त ज्याच्या माथी, त्या अहाबाने उपास करून दीनता धरिली, तेव्हा देवाने तेवढ्याचीही दखल घेतली (1 राजे 21). मग भयाने वाकलेल्या, पण अंधारात देवाचा धावा करणाऱ्या मनुष्याची प्रार्थना तो टाकील काय?

जे मेले त्यांचा ते गौरव करितात. परंतु हा छळ केवळ शब्दाचा आहे, आणि ह्यांच्या मनात तो शब्द नाही हे राज्यकर्तेही जाणतात. म्हणून जो विचारील त्याने बोलावे व जगावे, आणि मग घरदार, वतन, सोयरे सोडून त्या देशातून निघून जावे, असे ते सांगतात. ह्या शेवटल्या अटीत सवलत नाही. ते स्वतः 1165 साली जहाजाने पॅलेस्टाईनच्या अक्को बंदरास गेले. त्यांनीही पूर्वी बाहेरून ती कबुली दिली होती, असे अल-किफ्ती नावाच्या अरबी ग्रंथकाराने लिहिले आहे. विद्वानांत ह्याविषयी अद्याप दुमत आहे.

सुमारे 1180 साली पुरा झालेल्या आपल्या मोठ्या नियमग्रंथात ते अधिक कठोर दिसतात. आज्ञा जगण्यासाठी दिल्या आहेत, म्हणून प्राणावर बेतले तर आज्ञा मोडावी. परंतु मूर्तिपूजा, व्यभिचार व खून ह्या तिहींपुढे मरावे. आणि राजा धर्मच बुडवावयास उठला तर लहान आज्ञेसाठीही मरावे. पत्राशी हे नीट जुळत नाही, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

पण त्याच अध्यायात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जो ह्या तिहींतही भयाने डगमगला, त्याने देवाच्या नावाचा अपमान केला खरा. तरी कोणत्याही न्यायसभेने त्याला फटका मारू नये, मग देहदंड तर दूरच. शिक्षा आपखुशीने पाप करणाऱ्यास आहे. शेतात जिच्यावर जबरी झाली त्या मुलीस काही करू नये, ह्या मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञेचा आधार ते दुसऱ्या ठिकाणी घेतात. मात्र पळून जाण्याची वाट मोकळी असता जो राहिला, त्याला ते नीतिसूत्रांतील ओकारीकडे परतणाऱ्या कुत्र्याची उपमा देतात.

सर्वांत अवघड ते खुनाचे. अमक्याला मार, नाही तर तुला मारितो, असे कोणी म्हणाले तर मरावे. कारण तुझा जीव त्याच्या जिवाहून मोलाचा हे कोणी ठरविले? तसेच शत्रूने गावास वेढून म्हटले, तुमच्यातील एक द्या, नाही तर सर्वांस मारू. तर सर्वांनी मरावे, पण एकही जीव हाती देऊ नये. येथे कोणी अबेल नगराचे उदाहरण पुढे करील. तेथील शहाण्या स्त्रीच्या सांगण्यावरून बिख्रीचा पुत्र शबा ह्याचे शिर योआबाकडे टाकण्यात आले व नगर वाचले. मोशे म्हणतात, शत्रूने नाव घेऊन मागितले असेल आणि तो मनुष्य शबाप्रमाणे मरणदंडास पात्र असेल, तर तसे करता येते; तरी असा निकाल लोकांस आधीच शिकवून ठेवू नये.