कॅसेट पुसताना उमगलेलं

नव्वदच्या दशकात खानदेशातल्या ज्या घरी व्हिडिओ गेम असे, त्या घरापुढे मे महिन्यात चपलांचा ढीग पडायचा. डब्यावर कुठे ‘मीडिया’ लिहिलेलं असे, कुठे ‘लिटल मास्टर’. आतलं यंत्र बहुतेकदा १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. त्या गेमच्या कॅसेट आता माळ्यावर, जुन्या वह्यांखाली पडून आहेत. एरंडोलात मी त्या साफ करत बसतो. आधी घरच्या केल्या, मग गल्लीतल्या. आता जळगाव-धुळ्याचे नातेवाईकही पिशवीतून पाठवतात. या कामात हाताला आणि मनाला जे लागलं, ते सांगतो.

१. ‘मेली’ म्हणून दिलेली कॅसेट बहुतेक वेळा जिवंत असते. याचं मला अजूनही नवल वाटतं. यातल्या बऱ्याचशा चिपमध्ये गेम कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. वीज नसली तरी तो पुसला जात नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला तरी विरत नाही. स्वस्त कॅसेट उघडली की आतल्या सर्किटच्या पाटीवर काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब दिसतो. मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस चार्ली सगळे त्या थेंबाखाली सुखरूप असतात. बिघाड असतो तो कडेला, जिथे कॅसेट यंत्राला भिडते त्या पट्ट्यांवर. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. त्यातली एक जरी काळवंडली तरी पडद्यावर नुसते रंगीत ठोकळे उभे राहतात आणि घरचे म्हणतात, गेली कॅसेट.

२. फुंकर मारल्यावर गेम चालू व्हायचा, पण श्रेय फुंकरीचं नव्हतं. गंमत अशी की ना इंटरनेट, ना ओळखपाळख, तरी जपान-अमेरिकेपासून आपल्या खानदेशातल्या कासोद्यापर्यंत सगळी पोरं एकाच पद्धतीने कॅसेट तोंडाशी धरत होती. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवताना. पट्ट्या घासल्या जात, थोड्या वेगळ्या जागी टेकत, आणि वीज वाहू लागे. श्वासातली ओल मात्र मागे राही. तिने तांब्यावर हिरवट थर चढतो. कॅसेटमध्ये फुंकू नका, असं निन्टेंडोनेही बजावलं होतं. आज एखाद्या कॅसेटच्या कडेला तो हिरवा थर दिसला की मला मात्र रागाऐवजी माया वाटते. किती वेळा, किती आशेने कुणीतरी ती फुंकली असेल!

३. सर्वात सौम्य उपाय आधी करावा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची. आमच्याकडे वैशाखातली धूळ आणि वेचणीच्या दिवसांतला कापसाचा तंतू कुठेही शिरतो. मग इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासा भिजवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने ओढायचा. मोबाइल दुरुस्तीवाले याला नुसतं ‘आयपीए’ म्हणतात. जळगावच्या गोलाणी मार्केटात अशा कामाचं सामान मिळतं. पहिला बड काळाकुट्ट निघतो, दुसरा राखाडी, पुढचा पिवळसर. बड पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. तरीही डाग राहिलाच तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, त्याचा भुगा झाडायचा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसायचं. पॉलिश पेपर लावला की पट्टी क्षणात लखलखते, पण वरचा पातळ मुलामा कायमचा जातो. लखलखाट आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याच्या हाताला कळलं त्याला हे काम आलं.

४. घरात जे सापडेल ते लावायचा मोह आवरावा लागतो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं खरं, पण बहुधा ग्लिसरीनही असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. रॉकेल तेलकट. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर कॅसेटचं प्लास्टिकच विरघळवतं. आयपीए घेतानाही बाटली वाचावी: सत्तर टक्केवालीत उरलेलं पाणी असतं, म्हणून नव्याण्णव टक्केवाली बरी. ती लवकर उडून जाते. तरी कॅसेट थोडा वेळ वाऱ्यावर ठेवावी आणि मगच बसवावी. आणि हे काम देवघराजवळ करू नये. दिव्याच्या, उदबत्तीच्या आसपास ही बाटली उघडणं धोक्याचं आहे.

५. दोष कॅसेटचाच असतो असं नाही. यंत्राच्या खाचेतही तेवढीच धूळ असते, कधी मुंग्या, कधी झुरळाची अंडी. एखाद्या जुन्या पातळ कार्डाला सुती कापड गुंडाळून, आयपीएचा हात लावून ते खाचेत हळू आतबाहेर करायचं. अर्थात यंत्र बंद करून, पिन काढून. पुढे अ‍ॅडॉप्टर तपासायचा. अधिक-उणे उलटं असेल तर चांगलं यंत्र कायमचं बसतं. आणि सगळं ठीक असूनही बंदुकीने खेळायच्या डक हंट गेममधलं बदक पडलं नाही तर बंदुकीला दोष देऊ नका. ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र ज्या क्षणी उमटतं, त्या क्षणाच्या हिशेबावर चालते. एलईडी टीव्हीवर तो हिशेब जुळत नाही.

६. नकलेलाही इतिहास असतो. संग्राहक अस्सल जपानी, अमेरिकी कॅसेट शोधतात. आपल्याकडच्या कॅसेटला बाजारात फारसं कुणी विचारत नाही. वर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं आणि आत मोजकेच गेम फिरून फिरून. पण एरंडोलसारख्या गावातल्या पोरांनी पहिल्यांदा पडद्यावरचं काही स्वतःच्या बोटांनी हलवलं ते याच कॅसेटवर. कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने मालकाचं नाव असतं, कारण कॅसेट गल्लीभर फिरायची. मी पाटी पुसतो. ते नाव पुसत नाही. स्टिकरला अल्कोहोल लागू नये म्हणून त्यावर आधी कागद धरतो. गेमची प्रत संगणकावर सापडेल, पण ते अक्षर कुठेच सापडणार नाही.

७. कॅसेट चालू झाली की तिच्याभोवती माणसं पुन्हा गोळा होतात, आणि मला हेच सर्वात मोलाचं वाटतं. शेजारच्या आजी ओट्यावरून विचारतात, ‘‘चालू व्हयनी का रे?’’ त्यांना गेममधलं काही कळत नाही. त्यांचा मुलगा लहानपणी तो खेळायचा, एवढंच त्यांना ठाऊक आहे. तोच मुलगा आता पुण्याहून सुट्टीला आला की स्वतःच्या लेकीला बॅटल सिटी गेममधला गरुड विटांनी कसा राखायचा ते दाखवतो. दोन रिमोट, एक पडदा, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं. ती मुलगी मोबाइलवर याहून कितीतरी देखणे गेम खेळते, पण शेजारी बसलेल्या माणसाबरोबर मिळून खेळायला तिला इथे मिळतं.

८. या वस्तू सांभाळणारं दुसरं कुणी नाही. भांडी, नाणी, पोथ्या यांना संग्रहालयं आहेत. तालुक्याच्या गावातल्या स्वस्त व्हिडिओ गेमला आपलं घर हेच संग्रहालय. म्हणून एवढंच मागतो: दिवाळीची आवराआवर कराल तेव्हा माळ्यावरची ती पिशवी सरळ भंगारात देऊ नका. कॅसेट उघडा, पुसा, लावून बघा. तुम्हाला नको असेल तर खेळेल अशा एखाद्या पोराला द्या, आणि देताना ती कशी साफ करायची तेही शिकवा.