ग्रासहॉपरला मोठी मोटर

प्रश्न : टामियाच्या ग्रासहॉपर या रिमोट कंट्रोल बग्गीचा वेग वाढवण्यासाठी थेट ब्रशलेस मोटर बसवावी का?

उत्तर : घाई नको. 1984च्या या जपानी बग्गीत 380 आकाराची मोटर येते. तिची बहीण हॉर्नेट मात्र 540वर पळते. गिअरबॉक्स जवळपास तोच, त्यामुळे साधी 540 सहज बसते.

ब्रशलेसचा मोह समजू शकतो, पण 3300 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 3300 फेरे घेणारी) मोटर 7.4 व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला 24 हजारांहून जास्त फेरे घेते. इथे मागचा अख्खा गिअरबॉक्सच चाकांबरोबर वरखाली होतो. खडबडीत मैदानात गाडी नुसती उड्या मारेल.

मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर घेताना त्याची टर्नची, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांची, मर्यादा पाहावी. टर्न कमी, तेवढा करंट जास्त. लिपो बॅटरी वापरायची तर सेलमागे 3 व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारा कटऑफ हवाच.

ब्रशलेस टाळून उरलेल्या पैशांत प्लॅस्टिकच्या बुशांऐवजी बॉल बेअरिंग घालून घ्यावेत.