सगळे नर, तरी पिल्लं कशी?

प्रश्न : शेततळ्यात ‘मोनोसेक्स’ चिलापीचं बीज सोडलं. चार महिन्यांनी बारकी पिल्लं दिसू लागली. सगळे नरच होते तर ही आली कुठून? आणि हार्मोन दिलेला मासा खावा का?

उत्तर : तळ्यात थोड्या माद्या आहेत, दुसरं काय! चिलापीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याची जननग्रंथी ना नराची असते, ना मादीची. गुणसूत्रं मादीची असतील तर पुढच्या काही आठवड्यांत अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं आणि अंडाशय घडतं. हॅचरीवाले हीच वेळ गाठतात. सेंटीमीटरभर पिल्लांना 21 ते 28 दिवस मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देतात, किलोला साधारण 60 मिलिग्रॅम. मग गुणसूत्रांनी मादी असलेलं पिल्लूही नर म्हणून वाढतं. हा खटाटोप वजनासाठी. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तेवढे दिवस जवळपास उपाशीच राहते.

खाद्य उशिरा सुरू झालं, किंवा पिल्लांनी ते सोडून टाकीतलं प्लवंग खाल्लं, की काही माद्या सुटतात. मासा उलटा धरून पाहा : गुदद्वारामागच्या उंचवट्यावर नराला टोकाशी एकच छिद्र, मादीला त्याखेरीज एक आडवी फट. माद्या वेचून काढा. पुढच्या वेळी ‘शंभर टक्के नर’ यावर जाऊ नका; खाद्य किती लांबीच्या पिल्लांना सुरू केलं, ते विचारा.

मासा खुशाल खा. खाद्य थांबल्यावर हार्मोन लवकरच शरीरातून निघून जातं, मासा बाजारात येतो कित्येक महिन्यांनी. मला काळजी आहे ती हे खाद्य उघड्या हातांनी कालवणाऱ्या कामगारांची.