झोपेतील श्वासरोध आणि प्रतिकार यंत्रणा

घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः मोठ्याने घोरणाऱ्या कित्येकांचा श्वास झोपेत वारंवार अडत असतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ व मृदू टाळू मागे सरकतात आणि हवेचा मार्ग मिटतो. हा खंड किमान १० सेकंद टिकल्यास त्यास श्वासरोध म्हणतात. विकार तीव्र असल्यास श्वासात तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा अडथळा येतो.

प्रत्येक खंडात रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि श्वास पुन्हा सुरू होताच तो झपाट्याने वाढतो. या चढउतारामुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. जंतू शिरलेला नसतानाही प्रतिकार यंत्रणा हा इजेचा संकेत समजते. दाह चेतविणारी प्रथिने रक्तात वाढतात, पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटू लागतात आणि रोहिणी कठीण होण्यास हातभार लागतो. रक्षणासाठी असलेली व्यवस्था अशा रीतीने स्वतःच्याच शरीराला अपाय करू लागते.

लहान मुलांत याच यंत्रणेचे दुसरे रूप दिसते. टॉन्सिल व नाकामागील ॲडिनॉइड हे प्रतिकार यंत्रणेचेच भाग होत. त्यांची अतिरिक्त वाढ झाल्यास हवेची वाट अरुंद होते. म्हणजे येथे प्रतिकार यंत्रणा विकाराचे कारण ठरते, परिणाम नव्हे. शस्त्रक्रियेने या गाठी काढल्यास पुष्कळ मुलांना आराम पडतो.

मात्र निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. या रोग्यांपैकी अनेक जण स्थूल असतात आणि मेदपेशीही दाह वाढवितात. त्यामुळे श्वासरोधाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबयुक्त हवा सोडून घसा उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. त्याने श्वास सुरळीत होतो व दिवसाची पेंग कमी होते. परंतु आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सुमारे २,७०० रोग्यांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. रोग्यांनी हे यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

घोरण्याबरोबर श्वास अडखळत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर त्यावर विनोद न करता वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट होय.