मागावरून प्रयोगशाळेत : टिश्यू कल्चरचे काम कसे शिकाल?

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल. १८७७ साली येथे जुनी मिल उभी राहिली आणि पुढे अनेक पिढ्या सुतावर जगल्या. त्या गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागाचेही दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत. अशा वेळी तिशी ओलांडलेला कारागीर विचारतो, "आता या वयात नवे काय शिकू?" आजचा धडा त्याच्यासाठी.

संधी कोठे आहे?

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सूरह अर-रहमानमध्ये उल्लेख असलेले हे फळ आपल्या जिल्ह्याचे मोठे पीक आहे. शहराजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे 'तेल्या' हा जिवाणूजन्य रोग. रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतून तो नव्या बागेत शिरतो. म्हणून बागाईतदार रोगमुक्त रोप शोधतो. असे रोप टिश्यू कल्चरने तयार करता येते. जळगाव भागात केळीच्या लागवडीत हीच पद्धत रुजली आहे.

काम कसे चालते?

निरोगी मातृवृक्षाच्या फांदीचा डोळ्यासह लहान तुकडा घेऊन तो निर्जंतुक करतात. क्षार, जीवनसत्त्वे, संप्रेरके, आगर आणि लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर असे त्याचे खाद्य. खाद्य भरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे ठेवतात. मग गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतापुढे बसून चिमट्याने तुकडा बाटलीत ठेवायचा. सुमारे २५ अंशांच्या खोलीत त्याला फुटवे येतात. ते काही आठवड्यांनी वेगळे करून नव्या बाटल्यांत लावतात. मुळे फुटली की हरितगृहात रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

बुरशीचा एक कण आत गेला तरी बाटली फुकट! म्हणून येथे हाताची सफाई महत्त्वाची. तुटलेला धागा क्षणात सांधणारी बोटे आणि घरी कांड्या भरणाऱ्या भगिनींची चिकाटी येथे उपयोगी पडते. नवीन शिकायचे ते निर्जंतुकपणाची शिस्त आणि नोंद ठेवणे : प्रत्येक बाटलीवर तारीख, जात आणि कितवी फेरी.

शिक्षणाच्या पायऱ्या

येथे गैरसमज नको. काही महिन्यांच्या प्रमाणपत्राने माणूस प्रयोगशाळेतील तंत्र-साहाय्यक होतो, संशोधक नव्हे. संशोधनासाठी विज्ञानाची पदवी आणि पुढे एम.एस्सी. हवीच. पण पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू महाविद्यालयातच प्रमाणपत्र वा पदविका आणि जोडीला उद्योगात प्रत्यक्ष सराव, असे तिचे स्वरूप. काम सांभाळून पुढे शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मात्र विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके कोठे होतील, हे आधी पाहावे.

फी भरण्यापूर्वी विचारा

१. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची?

२. ऑटोक्लेव्हवर आणि हवेच्या झोतापुढे प्रत्यक्ष किती तास काम मिळेल?

३. सराव कोठे? टिश्यू कल्चर प्रयोगशाळांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे. प्रमाणित प्रयोगशाळा असल्यास उत्तम.

४. मागील तुकडीतील मुले कोठे लागली? त्यांपैकी दोघांना स्वतः भेटा.

नुसते रंगीत माहितीपत्रक पाहून व्याजी कर्ज काढू नका. सुरुवातीचा पगार मागावरच्या मजुरीपेक्षा अधिक असेलच असे नाही. म्हणून हातचे काम एकदम सोडू नये. घरातील एकाने शिकावे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे. वडिलांनी माग चालवून मुलीला या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवले, तर इन्शाअल्लाह त्याच घरातून उद्या संशोधकही निघेल.