घरातील पडद्याची निवड : दर, मुदत आणि भाषा

सौंसर तहसिलीतील जामसांवली हे गाव तेथील निद्रिस्त हनुमंताच्या देवस्थानामुळे विदर्भात व मध्य प्रदेशात सर्वपरिचित आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच जिल्ह्यातून २०२३ साली पांढुर्णा व सौंसर यांचा पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. या टापूत कचेरीची भाषा हिंदी, तर असंख्य घरांत चुलीपाशी बोलली जाणारी भाषा मराठी आहे. त्यामुळे घरातील पडद्यावर काय पाहिले व ऐकले जाते, या प्रश्नास येथे करमणुकीपलीकडचे महत्त्व आहे.

पूर्वी ही निवड ग्रामस्थांच्या हाती नव्हती. १९७५-७६ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले होते. एका संचासमोर सारा गाव बसे. कार्यक्रम आणि त्यांची भाषा मात्र इतरत्र ठरत असे. आज इंटरनेटवरून चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या, ‘ओटीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवा मोबाईलवर उपलब्ध आहेत. निवडीचा अधिकार कुटुंबाकडे आला आहे. त्याबरोबर हिशेबाची जबाबदारीही आली आहे.

मुदतीशिवाय दराला अर्थ नाही

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील आपले दर कमी केले, तेव्हा केवळ मोबाईलसाठी असलेल्या योजनेची वर्गणी १४९ रुपये ठरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार ही सेवा सुरू झाली. तिच्याही मोबाईल योजनेची वर्गणी प्रारंभी १४९ रुपयेच होती. आकडा एकच, परंतु पहिला दर एका महिन्याचा, तर दुसरा तीन महिन्यांचा होता. वर्षाचा हिशेब केल्यास पहिल्याचे १,७८८ रुपये होतात, दुसऱ्याचे ५९६. अर्थात दुसऱ्या योजनेत जाहिराती पाहाव्या लागत होत्या. दर वेळोवेळी बदलतात. म्हणून कोणत्याही दिवशीचा दर प्रथम वर्षाच्या हिशेबात मांडावा, मगच तुलना करावी.

वर्गणीबाहेरचा खर्च

वर्गणी भरली म्हणजे खर्च संपला, असे नाही. नेटफ्लिक्सने दिलेल्या अंदाजानुसार मध्यम दर्जाचे चित्र पाहण्यास तासाला ०.७ जीबीपर्यंत, तर एचडी दर्जाच्या चित्रास ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. ज्या कुटुंबाकडे रोज दीड जीबी डेटा मिळणारा रिचार्ज आहे, त्यास एचडी दर्जात अर्ध्या तासाचा कार्यक्रमच परवडेल. मध्यम दर्जात मात्र सुमारे दोन तास पाहता येईल. मोबाईलच्या लहान पडद्यावर मध्यम दर्जा पुरेसा होतो. ही निवड त्या सेवेच्या ‘सेटिंग’मध्ये करता येते.

एकच वर्गणी किती पडद्यांवर एकाच वेळी चालते, हेही पाहणे अगत्याचे आहे. मोबाईल योजना स्वस्त असते. परंतु ती सहसा एकाच यंत्रावर चालते. आजी, सून आणि नातवंडे यांनी एकत्र बसून पाहावयाचे असेल, तर दूरचित्रवाणी संचावर चालणारी योजनाच उपयोगी पडेल. दुसऱ्या घरातील आप्तांचा पासवर्ड वापरण्याच्या प्रथेवर नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात निर्बंध घातले आहेत.

मराठी कोठे आहे?

झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर पाहावयास मिळतात. नेटफ्लिक्सने २०२१ साली चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट जगभर दाखविला. तथापि, एखादी उत्तम मराठी कलाकृती असणे आणि रोज घरात मराठी कानी पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. सीमाभागातील मुलास दुसरीची गरज अधिक आहे.

वर्गणी देणे शक्य नसल्यास निराश होण्याचे कारण नाही. डीडी फ्री डिश या सेवेस मासिक वर्गणी नाही. छत्री व संच यांचा एकदाच खर्च होतो आणि तीवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी दिसते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ ही इंटरनेट सेवा सुरू केली. तीवरील बरेचसे कार्यक्रम विनामूल्य आहेत. डेटाचा खर्च मात्र येथेही धरावा.

आपोआप होणारी वसुली

अनेक सेवा मुदत संपताच खात्यातून पुढील वर्गणी आपोआप कापून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या, ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा कपातीपूर्वी किमान २४ तास ग्राहकास सूचना मिळणे आवश्यक आहे. तो संदेश वाचल्यावाचून पुसून टाकू नये. मोबाईलमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही; ती त्या सेवेच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. संत्र्याचा हंगाम संपल्यावर हाती आलेला पैसा वर्षभर पुरवावयाचा असतो. अशा घरात न पाहिलेल्या कार्यक्रमांची वर्गणी जात राहणे हे नुकसानच होय.

अभ्यासासाठी

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पाच रकान्यांचा तक्ता करून घ्यावा : वर्षाची वर्गणी, रोजचा डेटा, एकाच वेळी चालणारे पडदे, मराठी कार्यक्रम आणि वर्गणी रद्द करण्याची रीत. विद्यार्थ्याने तो घरी नेऊन वडीलधाऱ्यांसमवेत भरावा. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात या सेवेवर घरातील सर्वांनी मिळून काय पाहिले? याचे उत्तर ज्या सेवेबाबत देता येईल, तिची वर्गणी सार्थकी लागली असे समजावे.